चांदीचं पाणी पिऊ नका

'इम्युनिटी'साठी कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं पाणी, पिणारी माणसं आता ओळखीत दिसू लागली आहेत. आमच्याच गल्लीतल्या एक काकू रोज सकाळी दोन चमचे घेतात. "चांदीच आहे ना, बाळाला नाही का आपण चांदीच्या वाटीतून भरवत?" म्हणतात. म्हणून हे लिहितोय.

वाटीतली चांदी वाटीतच राहते. मिठाईवरचा वर्खही धातूच असतो, तो फारसा अंगी लागत नाही. बाटलीतली चांदी मात्र अतिसूक्ष्म कणांच्या आणि आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) रूपात असते, म्हणून ती रक्तात उतरते. महिनोन्‌महिने घेतली की कातडीत साठते. तिच्यावर ऊन पडलं की जुन्या फोटोच्या फिल्मवर व्हायची तीच प्रक्रिया होते आणि कातडी राखाडी-निळी पडते. याला अर्जायरिया म्हणतात. चेहरा, मान, हात आधी काळवंडतात, कारण ऊन तिथेच लागतं. आपल्या नागपूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. बोटांच्या नखांच्या मुळाशी जो पांढरा चंद्र असतो, तोही निळसर होतो. पायाची नखं बहुतेक वेळा तशीच राहतात.

आणि हा रंग जात नाही. बाटली बंद केली तरी नाही, ब्लीचने नाही, 'डिटॉक्स'ने तर नाहीच. लेझरने काहींचा रंग फिकट होतो, पण ते दुखतं आणि खर्चिक आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांनी २००० साल उजाडताच जगभरचे संगणक गडबडतील आणि त्या गोंधळात अँटिबायोटिक्स मिळणार नाहीत या भीतीने १९९९ मध्ये घरीच असं पाणी बनवून प्यायला सुरुवात केली. त्यांची त्वचा कायमची निळसर झाली. त्याच १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने) सांगून टाकलं की कोलॉइडल सिल्व्हर असलेलं डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकलं जाणारं कोणतंही औषध सुरक्षित आणि गुणकारी मानता येणार नाही.

जळालेल्या जखमेवर चांदीचं मलम डॉक्टर देतात, ते योग्यच आहे. पण ते वरून लावायचं औषध आहे, त्यावरून पिण्याची परवानगी मिळत नाही. विकणाऱ्यांचा मला खरा राग येतो तो इथे. फायद्यांची यादी लांबलचक, आणि चेहरा कायमचा निळा पडू शकतो ही ओळ कुठेच नाही. ती बाटलीवर ठळक मराठीत छापायला लावली पाहिजे.

घरात कुणी घेत असेल तर आजच थांबवा. नखं किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर मेडिकलच्या (नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग ओपीडीत दाखवा आणि बाटली सोबत न्या. रक्तात ऑक्सिजन कमी पडला तरी कातडी निळी दिसते, त्यामुळे ती दाखवली नाही, तर निळा रंग बघून आधी हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या तपासण्याच सुरू होतील.