‘जितकी जुनी तितकी उत्तम’: वाइनविषयीच्या पाच विधानांचा प्रतिवाद

वाइनविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे असे: वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, जुनी बाटली पिण्याआधी दोन-तीन तास उघडून ठेवावी, तळाशी गाळ दिसला तर ती खराब झाली असे समजावे, रेड वाइन खोलीच्या तापमानालाच प्यावी, आणि गोड वाइन ही साखर मिसळून केलेली, न टिकणारी, नवख्यांसाठीची वस्तू असते. या विधानांना आधार म्हणून बहुधा फ्रान्सचे नाव घेतले जाते. तेथील जुन्या रेड आणि गोड वाइनना ही विधाने लावून पाहिली तर यांपैकी एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि त्यांवर विसंबून चांगल्या बाटल्या वाया जातात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

पहिले विधान सर्वांत खोल रुजलेले आहे, कारण ‘जुने ते सोने’ आपल्याला लहानपणापासून ऐकवले जाते. फ्रान्समध्ये तयार होणारी बहुतांश वाइन मात्र मुळातच काही वर्षांत पिण्यासाठी केलेली असते. बोजोले नुव्हो ही ताजीच प्यायची रेड वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे द्राक्षे तोडल्यावर काही आठवड्यांतच, विक्रीला येते आणि पुढच्या काही महिन्यांत संपवली जाते. ती दहा वर्षे ठेवल्याने तिच्यात काही भर पडत नाही, असलेला ताजेपणा तेवढा जातो. दीर्घकाळ टिकण्यासाठी रेड वाइनमध्ये टॅनिन (द्राक्षांच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक), आम्लता आणि फळाच्या चवीचा गाभा या तिन्ही गोष्टी पुरेशा असाव्या लागतात. बाटलीत अत्यल्प ऑक्सिजनच्या सान्निध्यात टॅनिन आणि रंगद्रव्ये हळूहळू एकमेकांशी जोडली जातात, तुरटपणा मऊ होतो, जांभळट रंग विटेच्या रंगाकडे झुकतो आणि ताज्या फळांच्या वासाची जागा देवदाराचे लाकूड, तंबाखूचे पान, अळंबी, ओला पालापाचोळा असे वास घेतात. ज्या वाइनमध्ये गाभाच नव्हता, तिच्यात यांतले काहीही घडत नाही.

याचा पुरावा बोर्दो या फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील प्रसिद्ध वाइनप्रदेशातच आहे. १९६१ हे तेथील विसाव्या शतकातल्या थोर वर्षांपैकी एक मानले जाते, तर १९६३ आणि १९६५ या वर्षी पाऊस आणि कूज यांनी पिकाची दैना केली. तिन्ही वर्षांच्या वाइन आज साठीच्या पुढे आहेत. पण १९६१ च्या उत्तम शातोंच्या (स्वतःच्या मळ्यातली वाइन करणाऱ्या वाड्यांच्या) नीट जपलेल्या बाटल्या अजूनही नावाजल्या जातात, आणि बाकीच्या दोन वर्षांच्या वाइनमधून कोणी फारशी अपेक्षा धरत नाही. १९७५ चे उदाहरण अधिक बोलके आहे. त्या वर्षी टॅनिन भरपूर होते, त्यामुळे वाट पाहण्याचा सल्ला दिला गेला, परंतु अनेक वाइनमधले फळ टॅनिन मऊ होण्याआधीच सुकून गेले. म्हणजे प्रश्न वयाचा नसून, त्या वयात आत काय शिल्लक राहिले याचा आहे.

शिवाय वय मोजायचे ते कुठे घालवलेले? साधारण १२ ते १४ अंश तापमानाच्या अंधाऱ्या, दमट तळघरात आडव्या ठेवलेल्या बाटलीची वीस वर्षे आणि पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये उभ्या बाटलीची पाच वर्षे यांची तुलनाच होऊ शकत नाही. परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेली बाटली आपल्याकडे अनेक घरांत ‘चांगल्या प्रसंगासाठी’ राखून ठेवतात; प्रत्येक उन्हाळ्यात तिच्यातले फळ थोडे थोडे शिजत जाते आणि बूच सुकत जाते. वाइनसाठीचे शीतकपाट नसेल तर ती बाटली त्याच हिवाळ्यात उघडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे विधान बाटली ‘श्वास घेण्यासाठी’ उघडून ठेवण्याचे. नुसते बूच काढल्याने जवळजवळ काहीच साध्य होत नाही, कारण बाटलीच्या अरुंद गळ्यात हवेला भिडणारा पृष्ठभाग फारच लहान असतो. डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद तळाच्या काचेच्या भांड्यात, ओतल्याने फरक पडतो, आणि नैर्ऋत्य फ्रान्सच्या मादिराँसारख्या तरुण, तुरट वाइनला तो कदाचित मानवेलही. पण तीस-चाळीस वर्षांच्या वाइनचा सुगंध अतिशय नाजूक असतो आणि हवा लागल्यावर तो अर्ध्या तासातही विरून जाऊ शकतो. बोर्दोचे विख्यात वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचे म्हणणे असे होते की, गाळ असेल तरच वाइन डिकँटरमध्ये काढावी आणि तीही अगदी पिण्याच्या वेळी. जी वाइन बंद वाटते, तिला पेल्यात फिरवून उघडता येते. जिचा सुगंध उडून गेला, तिला तो परत देता येत नाही. या एका कारणासाठी मी पेनो यांच्या बाजूने आहे.

गाळाबद्दलचे विधान तर उलटेच आहे. वर सांगितलेली टॅनिन आणि रंगद्रव्यांची साखळी वाढत वाढत जड होते आणि तळाशी बसते; म्हणजे जुन्या रेड वाइनमधला गाळ हा ती वाइन पक्व होत गेल्याची खूण आहे. गोड वाइनच्या तळाशी दिसणारे पांढरे, काचेसारखे कण टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात आणि तेही निरुपद्रवी असतात. गाळ चवीला कडसर लागतो, म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, ती एका संथ धारेत ओतावी, गळ्याखाली दिवा धरावा आणि गाळाची रेघ गळ्यापाशी येताच थांबावे. खराबी ओळखायची ती नाकाने: ओल्या पुठ्ठ्यासारखा कोंदट वास आला तर बुचातील दोष उतरला आहे, आणि व्हिनेगरचा वास आला तर वाइन गेली आहे.

तापमानाविषयी थोडक्यात. रेड वाइन खोलीच्या तापमानाला पिण्याची सूचना ज्या काळात रूढ झाली, त्या काळी युरोपातल्या घरांच्या खोल्या आजच्यापेक्षा बऱ्याच थंड असत. १६ ते १८ अंशांना बोर्दोची जुनी रेड रेखीव लागते. नाशिक किंवा नागपूरच्या खोलीतल्या ३० अंशांना तिच्यात अल्कोहोलचाच भपका जाणवतो.

आता गोड वाइन, जिच्यावर या मजकुराने सर्वांत मोठा अन्याय केला आहे. बोर्दोच्या दक्षिणेस सोतेर्न आणि बार्साक या भागांत सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी गारॉनला मिळते आणि शरद ऋतूत पहाटे तेथे धुके दाटते. त्या ओलाव्यात बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी पिकलेल्या द्राक्षांवर वाढते, दुपारच्या उन्हात द्राक्षांतले पाणी उडते, आणि साखर, आम्ल व सुगंध हे सारे आटून घट्ट होते. गोडवा येतो तो येथून. यीस्ट सगळी साखर पचवू शकत नाही, आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते.

सर्व द्राक्षांवर बुरशी एकाच वेळी चढत नसल्याने मजुरांना त्याच वेलींपाशी पुन्हा पुन्हा जाऊन योग्य तेवढेच दाणे खुडावे लागतात. सोतेर्नमधील शातो दिकेम या मळ्यात हेक्टरी सरासरी सुमारे ९०० लिटर, म्हणजे एका वेलीमागे जेमतेम एक पेला वाइन मिळते, आणि १९६४, १९७२, १९७४, १९९२ व २०१२ या वर्षी तर अपेक्षित दर्जा न साधल्याने त्या नावाने वाइन बाजारात आणलीच गेली नाही. बोर्दोच्या शातोंची प्रतवारी लावणाऱ्या १८५५ च्या वर्गीकरणात ‘प्रमिए क्रू सुपेरिअर’ (पहिल्या श्रेणीच्याही वरचा) हा दर्जा एकट्या दिकेमला मिळाला. शातो लाफीत किंवा शातो लातूर या बोर्दोच्या नामांकित रेड वाइनच्या शातोंनाही ‘सुपेरिअर’ हा शब्द लाभला नाही. अशा वाइनला नवख्यांची वस्तू म्हणणे मला मान्य नाही.

टिकण्याच्या बाबतीत तर चांगली सोतेर्न अनेक थोर रेड वाइनना मागे टाकते, कारण साखर आणि आम्लता या दोन्ही तिला राखतात. तरुणपणी तिच्यात मध, जर्दाळू आणि संत्र्याची साल जाणवते; पंचवीस-तीस वर्षांनी रंग सोनेरीवरून तांबूस होतो आणि केशर, अक्रोड, करपवलेल्या साखरेचा गंध येतो, आणि गोडवा तेवढाच असूनही तोंडात कमी गोड लागतो. फ्रान्समधील लुआर नदीच्या खोऱ्यातील शेनें ब्लाँ द्राक्षाच्या गोड वाइन आम्लतेच्या बळावर तितक्याच दीर्घायुषी ठरतात. गोड वाइन गोड पदार्थांसोबतच प्यावी हाही गैरसमज आहे. बासुंदीसमोर ती फिकी पडेल, पण रोकफोरसारख्या खारट, निळ्या बुरशीच्या चीजसोबत दोहोंची चव खुलते. तरुण बाटली १० ते १२ अंशांना द्यावी, जुनी थोडी कमी थंड. आणि जुनी रेड त्याच संध्याकाळी संपवावी लागते, तर सोतेर्नची उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर पुढचे काही दिवस चांगली राहते.