‘येशूने कधी गाणं म्हटलं होतं का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मिस्सेतल्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या सामूहिक उपासनेतल्या, गायनावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला. दुसऱ्या वाचनात कळलं, की राग यायचं कारण म्हणजे त्यातलं निम्मं खरं आहे. तिसऱ्यांदा वाचून हे लिहायला बसलो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुमचं म्हणणं असं, की उपासना ही देव आणि माणूस यांच्यातली एकांतातली गोष्ट. मिस्सेत गाणी वाढत गेली आणि तिची करमणूक झाली, ‘चर्चला आलोय की ऑर्केस्ट्राला’ असं तुम्हाला वाटतं. पेटी-तबला आणून आपण भजनी मंडळांची नक्कल करतो. स्पीकर आणि कीबोर्डावर धर्मग्रामाचा, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांचा, पैसा उडतो. तुमच्या गाण्यांचा गोंगाट मला नको, असं देवानेच आमोस संदेष्ट्याच्या तोंडून सांगितलं आहे. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही विचारलंत, ‘येशूने कधी गाणं म्हटलं होतं का?’

हो, म्हटलं होतं. मार्कच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायाची सव्विसावी ओवी पाहा. शेवटचं भोजन झालं, मग त्यांनी स्तोत्र गाइलं आणि ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. मत्तयनेही हेच लिहिलंय. ते वल्हांडणाचं, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणाचं, जेवण होतं, आणि त्या जेवणाबरोबर यहुदी लोक स्तोत्रसंहितेतली ११३ ते ११८ ही स्तोत्रं गात आले आहेत. म्हणजे ज्या रात्री मिस्सा स्थापन झाली त्याच रात्री, त्याच खोलीत गाणं झालं. दुसऱ्या दिवशी क्रुसावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हे जे शब्द आले, ते बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत. स्तोत्र म्हणजे गायचीच वस्तू. तेव्हा हा मुद्दा इथेच सोडू.

आमोसचंही लवकर आटोपतो. पाचव्या अध्यायात तो गाण्यांना जितका फटकारतो तितकंच सणांना, होमबलींना आणि अन्नार्पणांना फटकारतो. त्याच्या आधाराने गाणी बंद करायची तर मिस्साही बंद करावी लागेल. त्याच्या पुढच्याच ओळीत न्याय पाण्यासारखा वाहू दे, असं आहे. त्याचं भांडण गरिबाला लुबाडून वर गाणाऱ्यांशी होतं. स्पीकरच्या खर्चाबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूने आहे. पन्नास माणसांच्या सकाळच्या मिस्सेला एवढाले खोके कशाला, हे मलाही कधी समजलेलं नाही.

आता पेटीची गंमत. भजनी मंडळांची नक्कल म्हणता, पण पेटीचं मूळ कुठलं? हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये तयार झालं. आपल्याकडे ते पाश्चात्त्यांबरोबर आलं, कलकत्त्याच्या कारागिरांनी त्याला जमिनीवर बसून वाजवण्याजोगं केलं, आणि मग ते कीर्तनात, नाटकात, भजनात सगळीकडे शिरलं. आता ते आपल्या वेदीशेजारी आलं तर नक्कल कोणी कोणाची केली? ज्या पाइप ऑर्गनला आपण खास चर्चचं वाद्य म्हणतो त्याची कथा तर याहून रंगतदार आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ते पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र म्हणून जन्मलं, आणि रोमन काळात ते आखाड्यात वाजायचं. त्या काळच्या ख्रिस्ती माणसाला ‘हे चर्चमध्ये आणू या’ असं कोणी म्हटलं असतं तर त्याने कानावर हात ठेवले असते. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने फ्रँकांच्या राजाला एक ऑर्गन भेट पाठवला, पुढे तो मठांत गेला, कॅथेड्रलांत गेला आणि पवित्र झाला. वाद्य जन्मतः पवित्र किंवा अपवित्र नसतं, त्याच्या आठवणी तशा असतात. आठवणी बदलायला शे-दोनशे वर्षं लागतात एवढंच.

आणि मराठी छंदांविषयी बोलायचं तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण ओवीत रचलं. ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. गायचा छंद त्याने लोकांकडून घेतला आणि त्यात ख्रिस्ताची कथा सांगितली. त्याला चारशे वर्षं होऊन गेली, नक्कल म्हणायची वेळ केव्हाच निघून गेली.

पण तुमच्या मूळ शंकेला हे उत्तर नाही. उपासनेत संगीत हवंच कशाला, ही ती शंका, आणि ती तुमच्याआधी फार मोठ्या माणसाला पडली होती.

संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात या प्रश्नावर अक्षरशः तळमळतो. शब्दांपेक्षा सूरच मला जास्त हलवतो तेव्हा माझ्या हातून पाप घडतं, अशी तो कबुली देतो. तेव्हा गाणं ऐकलंच नसतं तर बरं, असं त्याला वाटतं. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस स्तोत्र इतक्या कमी चढउतारात म्हणायला लावायचा की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई, हेही तो आठवतो आणि ती रीत सुरक्षित वाटते म्हणतो. म्हणजे तुमचाच पक्ष. पण लगेच त्याला मिलान आठवतं. तिथल्या चर्चमधली स्तोत्रं ऐकून, नव्याने विश्वासात आलेला तो रडला होता. इसवी सन ३८६ मध्ये तिथे सम्राज्ञी जस्टिनाच्या विरोधात बिशप अम्ब्रोज आणि त्याचे लोक रात्रंदिवस चर्चमध्ये ठाण मांडून बसले होते. लोक खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या रीतीने स्तोत्रं गायला तेव्हा सुरुवात झाली. करमणूक म्हणून नव्हे हो, बाहेर सैनिक उभे असताना. शेवटी ऑगस्टीन गाण्याच्या बाजूने झुकतो, पण धोका विसरत नाही. मला त्याचं हे दोन्ही हातांत धरून ठेवणं फार आवडतं.

गायकांची पालक मानलेली संत सिसिलियासुद्धा तुमच्याच बाजूची निघेल. तिच्या सणाच्या जुन्या प्रार्थनेत असं आहे, की लग्नात वाद्यं वाजत होती तेव्हा ती मनातल्या मनात देवाला गात होती. बाहेरच्या वाजंत्रीकडे जिने लक्षच दिलं नाही ती आम्हा वाजवणाऱ्यांची पालक झाली! आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, हे मी सांगितलं तेव्हा तबलजीने माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा विषय काढला नाही.

आता आपला खरा मतभेद. तुम्ही उपासना हा शब्द ‘जवळ बसणं’ या अर्थाने घेता. उप अधिक आस्, शब्द तसाच घडलाय. पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे मिस्सेत अर्पण झालेल्या पवित्र भाकरीसमोर, एकटं बसावं, बोलूही नये, ही आराधना चर्चलाही हवी आहे आणि तिथे पेटी नको, मान्य. पण मिस्सा ही माझ्या एकांताची वेळ नव्हे. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मिस्सेत जे घडतं ते मी देवाला काय देतो यापासून सुरूच होत नाही. ख्रिस्त स्वतःला पित्याला अर्पण करतो, कालवरीच्या टेकडीवरच्या क्रुसाचं तेच अर्पण, रक्तपाताविना, आणि आपण त्यात सामील होतो. केवळ देवालाच द्यायचा तो मान, जो मरियेलाही नाही आणि संतांनाही नाही, तो मान द्यायला सारा समाज एका तोंडाने उभा राहतो. एका तोंडाने बोलायला चारशे माणसांना लय लागते. चार माणसांनी मोठा दगड उचलतानाही हाळी द्यावी लागते. नाहीतर नुसती कुजबुज होते.

म्हणूनच ४ डिसेंबर १९६३ ला जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचं संविधान जाहीर केलं, तेव्हा गायनाला सजावट म्हटलं नाही. महोपासनेचा ते आवश्यक भाग आहे असं म्हटलं. याच दस्तऐवजाने ग्रेगरियन गायनाला, म्हणजे जुन्या एकसुरी लॅटिन गायनाला, पहिला मान दिला, ऑर्गनची थोरवी सांगितली, आणि मिशन प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही योग्य स्थान द्या म्हटलं. भांडणारे तिन्ही पक्ष आपापलं वाक्य तेवढं पाठ करून येतात, हा भाग वेगळा.

तुम्हाला बरं वाटेल अशीही एक गोष्ट आहे. २२ नोव्हेंबर १९०३ ला, सिसिलियाच्याच सणाला, पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल यांना बंदी घातली. इटलीच्या चर्चांत त्या वेळी ऑपेराच्या चालींवर मिस्सा चालायच्या, गायक ताना घ्यायचे आणि वेदीवरचा धर्मगुरू त्यांचं संपायची वाट बघत उभा राहायचा. तुमच्या ऑर्केस्ट्राचे हे पणजोबा. पण त्या पोपने गाणं बंद केलं नाही. लोकांनी उपासनेत सक्रिय भाग घ्यावा ही गोष्ट त्याच पत्रात आली आणि साठ वर्षांनी परिषदेने ती उचलली.

आता ज्या निम्म्या खऱ्यापायी मला राग आला होता, ते सांगतो.

५ मार्च १९६७ ला रोमने पवित्र संगीताविषयी सूचना काढली. मिस्सेत काय काय गायचं याच्या तिथे तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर धर्मगुरू आणि लोक यांच्यातले संवाद आहेत: सुरुवातीचं अभिवादन, अंतःकरणं वर उचलायला सांगणारा संवाद, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’, प्रभूची प्रार्थना, निरोप. दुसऱ्या पायरीवर दयायाचना, ग्लोरिया हे स्तुतिगीत, ‘देवाच्या कोकरा’, विश्वासांगीकार. प्रवेशगीत, अर्पणगीत आणि कम्युनियनचं, म्हणजे पवित्र भाकर घेतानाचं, गीत तिसऱ्या पायरीवर येतात. आणि नियम असा, की पहिली पायरी एकटी चालेल, पण पहिली गाळून दुसरी-तिसरी चालणार नाही.

आता आमच्या कॉयरकडे पाहा. नोव्हेंबरपासून सराव. कशाचा? प्रवेशगीत, अर्पणगीत, कम्युनियनचं गीत. सगळी तिसऱ्या पायरीची. आणि पहिल्या पायरीवरचं? ते फादर भराभर बोलतात, लोक पुटपुटून उत्तर देतात. गेल्या नाताळात आम्ही ‘पवित्र, पवित्र’ला नवी चाल लावली. सुंदर चाल, मीच लावली होती. चारशे माणसं गप्प उभी राहून ऐकत होती, कारण ती कोणाला येतच नव्हती. जे गाणं त्यांचं, स्वर्गदूतांबरोबर त्यांनी म्हणायचं, ते मी त्यांच्या तोंडातून काढून घेतलं. मिस्सा संपल्यावर टाळ्या पडल्या. त्या वेळी छाती फुगली, हे कबूल करतो. तुमची प्रतिक्रिया वाचताना त्या टाळ्या पुन्हा ऐकू आल्या आणि तेव्हा तसं वाटलं नाही.

तेव्हा ऑर्केस्ट्रा झाला हे खरं. पण तो गाणं जास्त झाल्यामुळे झाला, हे मला पटत नाही. गाणं चुकीच्या माणसांकडे गेलं. रोमच्या सिस्टीन चॅपेलमध्ये पोपचे गायक वाद्याशिवायच गात आले, पूर्वेकडच्या कित्येक चर्चांत आजही वाद्य नाही. आवाज मात्र सगळीकडे आहे. तुम्ही वाद्यं कमी करा म्हणालात तर मी पेटी उचलून कोपऱ्यात ठेवीन. लोकांनी गाऊ नये म्हणालात तर मात्र नाही.

तुम्ही मागता त्या मौनाला चर्चने जागा ठेवलीय, आम्हीच ती भरून टाकतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून, आलेलुया हा जयघोष पूर्ण बंद. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर घंटाही मुकी होते, मग लाकडी खटखटा वाजतो, तो पुनरुत्थानाच्या रात्रीपर्यंत. कम्युनियननंतर थोडा वेळ शांत बसायचं असतं; तिथे आमचं चौथं कडवं चालू असतं. या उपवासकाळात ते गाळायचं ठरलंय.

आणि पहिल्या पायरीचं कामही काढलंय. फादरांना विचारलं, अभिवादन गाल का? ते म्हणाले, ‘मला सूर लागत नाही, लोक हसतील.’ तीन स्वरांची चाल आहे, त्याहून जास्त नाही. गेल्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर दार लावून आम्ही दोघं बसलो. पांढरी दोनने सुरुवात केली, त्यांना उंच जात होती, मग काळी एकवर आलो. पुढच्या रविवारी पहिली वेळ आहे. तुम्ही आलात तर मागच्या बाकावर नका बसू, उत्तर द्यायला माणसं हवी आहेत.