रंकाळ्यावर हेलिकॉप्टर थांबवा, अमेरिका खाली येते म्हणे

आमची मावशी लेकीकडं सॅन फ्रान्सिस्कोला चाललीय, दिल्लीतनं थेट विमान, आणि कुणीतरी तिला तो 'विमान कंपन्यांची लूट' वाला मेसेज पाठवलाय. तोच हो, पृथ्वी ताशी १६०० किमीनं फिरते म्हणून विमान नुसतं वर थांबलं तरी अमेरिका आपोआप खाली येईल, नकाशात सरळ रस्ता असताना पायलट उत्तरेकडनं वळसा घालून तेल जाळतात, जाता-येता वेळ वेगळा लागतो म्हणजे घोळ आहे, आणि वर फुकटचा सल्ला की विमानात पाणी पिऊ नका, बाथरूमला रांग असते. मावशीनं ते सगळं खरं धरलंय.

पाण्याचं आधी, कारण बाकीचं नुसतं येडपट आहे, हे धोक्याचं आहे. केबिनची हवा कोरडी असते, पंधरा-सोळा तास एका जागी बसून पायात रक्ताची गाठ होऊ शकते, वय झालेल्यांना जास्त. पाणी प्यायचं, मधनंमधनं उठून चालायचं, बीपी-शुगरवाल्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं. रांग असली तर असूदे, तेवढेच पाय मोकळे होतात.

आता ती फिरणारी पृथ्वी. आकडा बरोबर आहे, कोल्हापूरच्या अक्षांशावर साधारण १६०० च येतो. पण मग हिशेब पुढं करा की! रंकाळ्यावर हेलिकॉप्टर पाच मिनिटं थांबलं तर खालची जमीन १३० किमी पूर्वेला सरकणार, म्हणजे पायलट राजापूरच्या पलीकडं समुद्रात. पन्हाळ्यावर घार पंख न हलवता तरंगत असते, ती कधी अशी कोकणात गेलेली बघितलीय का कुणी? अहो हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान जमिनीवर उभं असतानाच त्या वेगात असतं, वर गेलं म्हणून तो वेग कुठं जात नाही. हवा फिरत नसती तर गावात कायम ताशी १६०० चं वारं सुटलं असतं, कौलं सोडा, घरं राहिली नसती.

आणि मेसेजवाल्यांच्या हिशेबानं जमीन खालनं पूर्वेला सरकते, मग पश्चिमेकडनं जाणं सोपं पाहिजे ना? २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं हीच दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरनं, म्हणजे पूर्वेकडनं नेली. अंतर १३,९०० चं १५,३०० किमी झालं, आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! नऊ-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, जेट स्ट्रीम, तो पाठीमागनं मिळाला. जाता-येता वेळ वेगळा लागतो तो ह्यामुळंच, घोळ काय नाय. बरं, त्या वाऱ्याच्या दिशेत पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढं कबूल. पण तो हात नेमका उलट्या बाजूनं आहे, पूर्वेकडं जाणाऱ्याला मदत करणारा.

नकाशाचं काय सांगायचं, पोराच्या पृथ्वीगोलावर दिल्लीपासनं सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून बघा, सायबेरिया आणि आर्क्टिकवरनंच जातो. सगळ्यात जवळचा रस्ता तोच, साधारण १२,४०० किमी.

वळसे पडतात हे मात्र खरं. २०२५ च्या एप्रिलपासनं पाकिस्ताननं आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा अमेरिका-युरोपच्या फ्लाइट लांबल्या. पण त्यात तेल विमान कंपनीच्याच खिशातलं जळतंय, त्यांचा सगळ्यात मोठ्या खर्चातला खर्च तो, मुद्दाम कोण जाळेल?