घसरावी, पण एकदाच

मे महिन्यात नागपुरातला दुचाकीवाला ओळखायचा तर त्याचा तळहात पाहावा. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, हातांवर पांढऱ्या बाह्या, सगळं अंग झाकलेलं, आणि दोन्ही तळवे काळेकुट्ट. हा मळ नव्हे, ही त्याच्या गाडीची ग्रिप. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीचं हँडल धरलं की ग्रिपचा काही भाग गाडीवर राहतो आणि काही भाग मालकाबरोबर ऑफिसात जातो.

माझ्या ग्रिपनं तर या उन्हाळ्यात घरभर संचार केला. फ्रिजच्या दारावर ती होती, तूरडाळीच्या डब्यावर होती, चष्म्याच्या काडीवर होती. एका लग्नात नवरदेवाच्या मामांना आपुलकीनं आलिंगन दिलं, तर फोटोत त्यांच्या पांढऱ्या कुर्त्याच्या पाठीवर माझी पाचही बोटं स्पष्ट उमटलेली.

दोष ग्रिपचा नाही. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. २०२४ च्या मे अखेरीस रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्रानं तर ५६ अंश दाखवले. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कित्येकांना मनापासून वाईट वाटलं. आपला विक्रम कुणी तरी टेबलावर बसून रद्द केला, अशी ती भावना होती. अशा गावात रबरानं किती तग धरावा? कच्चं रबर उन्हाळ्यात पाघळतं आणि थंडीत तडकतं, म्हणून चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १८३९ साली ते गंधकाबरोबर तापवून पक्कं केलं. १८४४ साली त्याचं पेटंटही घेतलं. त्याचे उपकार आहेतच. पण ऊन, घाम, हाताचं तेल आणि २०२० पासून ऑफिसच्या दारात तळव्यावर पडत आलेलं सॅनिटायझर, हे सगळं वर्षानुवर्षं मुरलं की रबर पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येतं.

तेव्हा ग्रिप बदलणं भाग होतं. दोन नळ्या काढायच्या, दोन घालायच्या, त्यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे काम गॅरेजवाल्याकडून करून घेतलेलं असतं. ग्रिप ही वस्तूच मुळी न घसरण्यासाठी जन्माला आलेली आहे. पाइपच्या जाडीपेक्षा तिचं भोक मुद्दाम किंचित लहान ठेवतात. वर कंपनीवाले आतून गोंदही लावतात. आता हीच वस्तू बसवताना मात्र घसरली पाहिजे. पाचएक इंच, सरळ रेषेत, एकदाच. त्यानंतर जन्मात कधी घसरता कामा नये. सगळी भानगड या ‘एकदाच’ची आहे.

आधी दुकान. मी गाडीचं मॉडेल सांगितलं, मालकानं न पाहता मागच्या खोक्यात हात घातला आणि काउंटरवर दोन ग्रिपा टाकल्या. मी दोन्हींत बोट घालून पाहिलं.

“भाऊ, या दोन्ही डाव्या आहेत.”

“ग्रिपमध्ये डावा-उजवा काय राह्यते? चप्पल आहे का थे?”

आता डावी ग्रिप बसते सरळ हँडलच्या पाइपवर, जो साधारण २२ मिलिमीटर जाड असतो. उजवीकडे त्याच पाइपवर प्लास्टिकची एक फिरती नळी असते, ती एक्सिलेटरची वायर ओढते, आणि ग्रिप बसते तिच्यावर. म्हणून उजवीचं भोक मोठं, पंचवीसच्या आसपास. हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. मालकानं माझ्याकडे असं पाहिलं की मी त्याच्या खानदानाबद्दल काही बोललो असावं. तेवढ्यात मागे स्टुलावर बसलेला पोट्टा म्हणाला, “मालक, एक्सिलेटरवाली मोठी येते.”

“मंग आतापर्यंत काहून नाही सांगितलं बे?” मालक त्याच्यावर डाफरला, आणि मला बरोबर जोडी मिळाली.

घरी येऊन मी ब्लेड काढलं. जुनी ग्रिप काढायचा राजमार्ग हाच. उभी चीर द्यायची, सोलून काढायची, संपलं. फक्त उजवीकडे हात हलका ठेवायचा, कारण खाली प्लास्टिक असतं. पाच मिनिटांचं काम. ब्लेड टेकवणार तोच बाबा बाहेर आले.

“काय कापून राहिला?”

“ग्रिप.”

“चांगली तं आहे थे. माझ्या सायकलले कामी येईन.”

“चिकट झाली बाबा.”

“घामोळ्याची पावडर चोळली का होते बरोबर.”

बाबांची सगळी नोकरी अजनीच्या लोको शेडमध्ये गेली. रेल्वेचं अख्खं इंजिन दुरुस्त करून पुन्हा रुळावर घालणाऱ्या माणसाला, एखादी वस्तू कापून फेकायची असते हेच मान्य नसतं. आमच्या जिन्याखालच्या खोलीत ट्यूबलाइटचे चोक आहेत, कूलरचे बंद पडलेले पंप आहेत, आणि कशाचा तरी एक पितळी खटका आहे, जो कशाचा हे विचारायची कुणाची छाती नाही. त्यामुळे ब्लेड रद्द. ग्रिप शाबूत निघाली पाहिजे, असा हुकूम झाला. शिवाय पावडरीचा मुद्दा बरोबर होता, हे आणखी त्रासदायक.

मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमध्ये संध्याकाळी कुणी अंगणात गाडी घेऊन बसलं की ती सार्वजनिक बाब होते. पहिल्यांदा कुंपणावरून शेजारचे काकाजी आले. काही न बोलता त्यांनी मला ग्रिप पिळताना पाहिलं. मग म्हणाले, “निंगत नाही का? खोबरेल तेल टाका.” तेलानं ग्रिप निघते, यात शंका नाही. पण तेल उडून जात नाही, वाळत नाही, रबरात मुरतं आणि तिथंच मुक्काम करतं. तेल लावलेल्या पाइपवर नवी ग्रिप चढवली तर ब्रेक मारताना ती हातात येणार. मी हे समजावून सांगेपर्यंत वाटीत तेल आलेलं होतं.

समोरच्या घरातला कॉलेजातला पोरगा म्हणाला पेट्रोल. पेट्रोल उडून जातं हे खरं. पण बेचाळीस अंशांत, अंगणात, शेगडीवर मिरच्या भाजल्या जात असलेल्या खिडकीखाली पेट्रोलची वाटी घेऊन बसायचं, ही कल्पना फक्त वयाच्या विसाव्या वर्षी सुचते. बायकोनं भांड्यांच्या साबणाचं पाणी सुचवलं. त्यातल्या त्यात शहाणा उपाय. मी मात्र आषाढाचा विचार करत होतो. साबण वाळतो, पण जात नाही. पहिल्या पावसात तो पुन्हा जागा होणार आणि मी वर्धा रोडवर हातात फेस घेऊन जाणार. एव्हाना माझ्याभोवती चार वाट्या जमल्या होत्या, आणि आजूबाजूच्या प्रत्येकाला आपल्या घरातला द्रव पदार्थ सोडून बाकीच्यांचे धोकादायक वाटत होते.

बाबा आपला शेडच्या काळातला हातभर लांब पेचकस घेऊन आले. तो ग्रिपच्या काठाखाली घुसवला, ग्रिप थोडी उचलली गेली आणि पुढे हलायचं नाव नाही. शेवटी मी गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. मागून बाबा, काकाजी आणि तो पेट्रोलवाला पोरगाही आला.

पंक्चरवाला हा या कथेतला एकमेव माणूस, ज्यानं काहीही सुचवलं नाही. त्यानं विडी विझवली, कॉम्प्रेसर चालू केला आणि पेचकसानं डाव्या ग्रिपचा काठ उचलून हवेच्या पाइपचं तोंड त्या फटीत लावलं. फुस्स झालं. ग्रिपच्या मध्यावर एक टेंगूळ आलं. ते पुढे सरकलं, रबरावरच्या नक्षीच्या रेघा ताणून पातळ झाल्या, पाइप आणि रबर यांच्यातून इतक्या वर्षांची धूळ पिवळ्या गोंदाच्या तुकड्यांसह बाहेर उडाली, आणि ज्या ग्रिपनं सगळ्या लेआउटला दाद दिली नव्हती ती हवेवर तरंगू लागली. बोटानं नुसती धरली असती तरी आली असती. पण टोक बंद असलेली ग्रिप ती. हवा आत भरत गेली आणि ग्रिप बंदुकीतून सुटावी तशी सुटून पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्यात जाऊन पडली. काकाजींच्या धोतरापर्यंत पाणी उडालं. उजवीच्या वेळी बाबा स्वतः पुढं हात धरून उभे राहिले आणि त्यांनी ती झेलली.

“किती झाले?”

“हवेचे काय घेऊ भाऊ? पाच द्या.”

नवी चढवायलाही हवाच वापर, असं पोरगं म्हणालं. पंक्चरवाल्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. बरोबर होतं त्याचं. बंद टोकाच्या ग्रिपमध्ये हवा मागून भरली तर पुढे निघायला वाट नसते, ग्रिप अर्ध्यात जाते आणि ढेकर देऊन परत येते.

घरी आल्यावर पाइपवरचा जुना गोंद सॅनिटायझरनं पुसला. २०२० मध्ये भीतीपोटी आणलेला कॅन अजून अर्धा आहे, तो असा कारणी लागला. आणि मग मुलगी शाळेच्या गॅदरिंगमधला उरलेला हेअर स्प्रे घेऊन आली. अंबाड्यावर मारायचा तोच. ती म्हणाली, “ओला असला की घसरतो, वाळला की चिकटतो.” अंगणातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांचं मिळून जे शहाणपण होतं ते तिच्या या एका वाक्यात आटोपलं. स्प्रेमध्ये चिकट रेझिन अल्कोहोलात विरघळवलेलं असतं. अल्कोहोल आहे तोवर सगळं निसरडं, ते उडालं की रेझिन मागे राहून पकड घेतं. घसरावी, पण एकदाच, हे ज्याला कळलं होतं असं सगळ्या घरात ते एकच बाटलीबंद रसायन.

अडचण एवढीच की नागपुरात अल्कोहोल थांबत नाही. फवारलं की माणूस ग्रिप उचलेपर्यंत उडालेलं. म्हणून आम्ही दिवेलागणी होऊ दिली, गाडी कूलरच्या वाऱ्यापासून लांब नेली, आणि मग सुरुवात केली. मुलगी पाइपवर आणि ग्रिपच्या आत फवारे मारणार, मी त्याच क्षणी ढकलणार. आत अडकणारी हवा निघायला बाबांनी काठाखाली खराट्याची एक काडी घातली. पिळत, ढकलत, तळव्याची साल काढत डावी एका दमात गेली. काडी ओढून घेतली तेव्हा आतून बारीक शिट्टी वाजली.

उजवीला खरं डोकं लागतं. ती पार आत रेटायची नसते. तिचा काठ स्विचच्या डबीला घासला तर एक्सिलेटर पिळल्यावर परत येत नाही, आणि सिग्नलवर आपण थांबलो तरी गाडी थांबायला तयार नसते. म्हणून मधे एक-दोन मिलिमीटरची फट ठेवायची, पिळून सोडायचं, आणि एक्सिलेटर खटकन आपल्या जागी आला की नाही ते पाहायचं. हँडल पूर्ण डावीकडे वळवून, मग पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा तेच. मी हे इतक्या वेळा केलं की काकाजींनी विचारलं, “घड्याळाले चाबी देऊन राहिले का?”

आता रात्रभर हात लावायचा नव्हता. आणि इथेच खरी कसोटी. आपल्याकडच्या पुरुषाला उभी दुचाकी दिसली की त्याचा उजवा हात आपोआप एक्सिलेटरवर जातो. गाडी बंद असो, चावी मालकाच्या खिशात असो, तो ती एकदा पिळतोच. आठ वाजता भावजी आले, बोलता बोलता हात गेला. मी हात धरला. इस्त्रीवाला आला, त्याचाही. शेवटी पुठ्ठ्यावर ‘ग्रिपला हात लावू नये’ असं लिहून हँडलला टांगलं. त्यानंतर जो आला तो थांबला, पुठ्ठा मोठ्यानं वाचला, “काहून? करंट येते का?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बोट लावून पाहिलं. मी अंगणात खाट टाकली.

सकाळी ग्रिप पाषाणासारखी पक्की. गाडीला थोडा गॅदरिंगचा वास येत होता एवढंच. तर्री पोहे खाऊन आलो, तळवा पाहिला, फक्त तर्री होती.

दारात बाबा सायकल घेऊन उभे. दोन्ही जुन्या ग्रिपांना पावडर चोळून त्या गोऱ्यापान केलेल्या. डावी सायकलच्या हँडलवर घट्ट बसली होती. उजवी गरगर फिरत होती.

“हे सैल आहे,” बाबा म्हणाले. “ग्रिपमध्ये डावा-उजवा राह्यते का?”

“राहते बाबा.”

“मंग सायकलले दोन्ही डाव्याच लागते. एक आणजो.”

मी पुन्हा दुकानात गेलो. म्हटलं, भाऊ, एक डावी द्या.

“एकटी नाही देत. जोडीच घ्या लागते.”

“हरकत नाही. मग परवा दाखवली होती ती द्या, दोन्ही डाव्या.”

मालकानं स्टुलावरच्या पोट्ट्याकडे पाहिलं, पोट्ट्यानं माझ्याकडे. मग मालकानं खोक्यात हात घातला, या वेळी दोन्हींत नीट बोट घालून पाहिलं, आणि अभिमानानं काउंटरवर एक डावी आणि एक उजवी ठेवली.