पाळीचं ॲप गुडघे वाचवत नाही

महिला फुटबॉलबद्दल एक दावा बराच फिरतोय. थोडक्यात असा: मुलींचे गुडघे पाळीमुळे जातात, अमेरिकेने ॲपवर पाळीच्या नोंदी ठेवून २०१९ चा विश्वचषक जिंकला, चेल्सी या इंग्लिश क्लबनेही तेच केलं आणि त्यांच्या दुखापती थांबल्या, तेव्हा ‘त्या दिवसांत’ सराव कमी करा, दुखापती थांबतील. नोंदी ठेवायला माझी हरकत नाही. बाकी जवळजवळ सगळ्याला आहे.

‘अमेरिका ॲपमुळे जिंकली.’ नोंदी ठेवल्या जात होत्या, हे खरं. फिटनेस प्रशिक्षक डॉन स्कॉट यांनी त्यावरून प्रत्येकीला झोप, आहार, त्रासाचे दिवस याबद्दल सूचना दिल्या. पण हा संघ १९९१, १९९९ आणि २०१५ मध्येही जगज्जेता होता. त्यातल्या पहिल्या दोन वेळी तर स्मार्टफोनच नव्हते.

‘चेल्सीच्या दुखापती थांबल्या.’ तेव्हाच्या प्रशिक्षक एमा हेज यांच्या चेल्सीने पाळीनुसार सराव आखायला घेतल्याची बातमी फेब्रुवारी २०२० ची. जानेवारी २०२४ मध्ये मोरोक्कोतल्या क्लबच्याच शिबिरात खेळाडू सॅम करचा एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडं जोडून ठेवणारा एक अस्थिबंध, तुटला. पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या संघाबरोबर सराव करताना चेल्सीच्याच मिया फिशेलचा. यावरून ॲप निरुपयोगी ठरत नाही, दोन गुडघ्यांवरून काहीच ठरत नाही. पण ‘थांबल्या’ हे कुठून आणलं?

‘एसीएल ठरावीक दिवसांतच तुटतो.’ स्त्रियांमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे, यात वाद नाही. दिवसांचं गणित मात्र कच्चं आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय खेळाडूंच्या चार वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात बीज सुटण्याआधीच्या काही दिवसांत स्नायू आणि कंडरांच्या दुखापती जास्त दिसल्या. म्हणजे रक्तस्रावाचे दिवस नव्हेत, आणि एसीएलसारखे अस्थिबंधही नव्हेत. शिवाय हे दिवस कॅलेंडरवरून मोजलेले, रक्ततपासणीवरून नाही. पाळी वेळेवर आली म्हणजे बीज सुटलंच असं नसतं. ब्रिटनमधल्या ४३० अव्वल महिला खेळाडूंच्या पाहणीत जवळपास निम्म्या जणी हार्मोनल गर्भनिरोधक वापरत होत्या. त्यांना पाळीचे हे टप्पे लागूच पडत नाहीत.

‘त्या दिवसांत सराव कमी करा.’ खरा घोळ इथे आहे. २०२० मध्ये ७८ अभ्यासांचा एक आढावा आला. पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरी सरासरीने नगण्य म्हणावी इतकीच खाली येते, असं त्यात दिसलं. सरसकट नियम न करता खेळाडूगणिक बघा, अशी त्या संशोधकांची शिफारस होती. आणि रविवारची मॅच कुणाच्या पाळीसाठी पुढे जात नाही. चार दिवस वेगात धावणं बंद ठेवायचं आणि पाचव्या दिवशी नव्वद मिनिटं जीव तोडून पळायला लावायचं, यात गुडघ्याची काळजी कुठे आली?

बघायचा असतो तो सरावाचा भार, आणि तो अंगाला किती लागला हे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं: शून्य ते दहामध्ये आजचा सराव किती जड गेला? उत्तराला मिनिटांनी गुणायचं. ७५ मिनिटं आणि सहा, म्हणजे त्या सरावाचा भार ४५०. रोज सकाळी झोप, थकवा, अंगदुखी आणि मनावरचा ताण यांना तिनेच वेगवेगळे गुण द्यायचे. तुलना तिच्याच मागच्या काही आठवड्यांशी करायची, संघाच्या सरासरीशी नाही. धावण्याचा वेग आणि अंतर मोजणारं जीपीएसचं जाकीट असेल तर उत्तम, पण किती वेगाला स्प्रिंट म्हणायचं याचे पुरुषांचे आकडे तसेच ठेवले तर तिच्या कितीतरी स्प्रिंट मोजल्याच जात नाहीत. जाकीट नसेल तर वही-पेनवर भागतं. कोल्हापूर किंवा गोव्यातल्या छोट्या संघालाही हे उद्यापासून जमेल. फक्त चालू आठवड्याचा भार मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या ०.८ ते १.३ पटीत ठेवला की दुखापत होत नाही, या मंत्राच्या नादी लागू नका. त्या गुणोत्तरावरही संशोधकांनी सडकून टीका केली आहे.

पाळीची नोंद उपयोगी पडते ती वेगळ्याच कारणासाठी. पाळी ओळीने दोन-तीनदा चुकली, तर सरावाच्या मानाने खाणं कमी पडत असण्याची शक्यता असते. त्याचा फटका हाडांना बसतो. अशा वेळी ट्रेनरने अंदाज बांधू नयेत, डॉक्टरकडे पाठवावं.

बुटांचा तर या दाव्यात उल्लेखच नाही. युरोपियन क्लब असोसिएशनच्या २०२३ मधल्या पाहणीत ८२ टक्के महिला खेळाडूंनी बुटांमुळे त्रास होतो असं सांगितलं होतं.

आणि हे सगळं बघणार कोण, यावरही चकार शब्द नाही. ‘आज थकलेय’ लिहिलं की पहिल्या अकरातून नाव जातं, हे एकीच्या बाबतीत दिसलं की दुसऱ्या दिवसापासून अख्खा संघ ताजातवाना असतो, निदान कागदावर. पाळीची माहिती तर त्याहून नाजूक. ती डॉक्टर किंवा फिजिओपाशी राहावी, पुढच्या वर्षीचा करार ठरवणाऱ्या माणसाच्या हाती नाही. आणि खेळाडू ‘नाही देणार’ म्हणाली, तर तिला कारण विचारू नये.