अबिगेल एकटीनं सेलम पेटवलं नाही

१६९२ साली अमेरिकेतल्या सेलम गावात चाललेल्या चेटकिणींच्या खटल्यांवर आर्थर मिलरनं 'द क्रूसिबल' हे नाटक लिहिलं. त्याचा एक सारांश सगळीकडे फिरतो. परीक्षेच्या गाइडांत तोच, व्हिडिओंमध्ये तोच. तो साधारण असा: जॉन प्रॉक्टर या विवाहित शेतकऱ्यानं झिडकारलेल्या अबिगेलनं सूड म्हणून चेटकिणीचे आळ घेतले, सुरुवात झाली ती टिटुबा या गुलाम बाईच्या जादूटोण्यानं, न्यायाधीश बिचारे पोरींच्या सोंगाला फसले, आणि शेवटी प्रॉक्टर स्वतःच्या नावाच्या हट्टापायी फासावर गेला. विद्यार्थ्यांबरोबर हे नाटक बसवताना मी ते इतक्या वेळा वाचलं आहे की हा सारांश ऐकला की जिवाला लागतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी प्रेमप्रकरण. इतिहासात त्याचा मागमूसही नाही. १६९२ साली सेलममधली खरी अबिगेल विल्यम्स ११-१२ वर्षांची होती आणि प्रॉक्टर साठीचा. मिलरनं तिला १७ वर्षांची केलं, त्याला पस्तिशीत आणलं. तिचं वय वाढवल्याचं त्यानं नाटकाच्या सुरुवातीच्या टिपणात सांगूनही टाकलंय. खऱ्या खटल्यांतली पहिली तक्रार २९ फेब्रुवारी १६९२ची आहे आणि ती कुणा पोरीनं केलेली नाही. थॉमस पटनम आणि आणखी तीन प्रौढ पुरुष दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते.

नाटकातली अबिगेल खोटारडी आहे, धोकादायकही आहे, हे मला मान्य आहे. प्रॉक्टरच्या बायकोचा काटा काढायचा तिचा डावही खरा. पण दुसरा अंक नीट वाचा. कोर्टातून घरी आलेली प्रॉक्टरची मोलकरीण मेरी वॉरन सांगते, ३९ जणांना अटक झालीये. प्रॉक्टरच्या बायकोच्या, एलिझाबेथच्या, हातात बेड्या पडतात त्या यानंतर. या ३९ जणांपैकी कुणी अबिगेलला झिडकारलं होतं?

आता टिटुबा. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या बाईवर सगळ्यात जास्त अन्याय झालाय. जंगलात ती मुलींबरोबर होती, गाणं म्हणत होती, हे नाटकात आहेच. पण त्यांतल्या रूथला तिथे कुणी धाडलं होतं? तिच्या आईनं, मिसेस पटनमनं. या बाईची सात बाळं जन्मतःच गेली, आणि ती कुणी मारली हे मेलेल्या बाळांनाच विचारून यावं म्हणून चर्चला जाणाऱ्या या घरंदाज बाईनं आपली एकुलती उरलेली मुलगी टिटुबाकडे पाठवली. या मिसेस पटनमला कुणी फटक्यांची धमकी देत नाही.

टिटुबाला मिळते. सैतानाशी आपला काही करार नाही, असं ती आधी स्पष्ट सांगते. गावचा धर्मगुरू आणि तिचा मालक रेव्हरंड पॅरिस म्हणतो, कबूल हो, नाहीतर मरेस्तोवर फटके मारीन. मिसेस पटनमचा नवरा थॉमस पटनम म्हणतो, हिला फाशीच द्या. तेव्हा ती गुडघे टेकून म्हणते, मी त्याला सांगितलं की मला तुझं काम करायचं नाही. म्हणजे सैतान भेटला होता, हे तिच्या तोंडून निघालं! मग चेटूक ओळखायला बाहेरून बोलावलेला रेव्हरंड हेल तिचा हात हातात घेऊन मायेनं विचारू लागतो, सैतानाबरोबर आणखी कोण होतं? ती म्हणते, अंधार होता. आणि पटनम पुढे होऊन विचारतो: सारा गुड होती का? की ऑस्बर्न?

नावं त्याच्या तोंडून आलीत. टिटुबानं ती थोड्या वेळानं फक्त परत केली. आणि ऑस्बर्नचं नाव निघताच मिसेस पटनम ओरडते, मला माहीतच होतं, माझी तीन बाळंतपणं तिनंच केली! तालमीत या जागी आम्ही प्रत्येक वेळी थांबायचो. टिटुबाची भूमिका करणारी मुलगी म्हणायची, "मॅडम, मला तर उत्तर सांगून मग प्रश्न विचारतायत." अबिगेल आपली यादी सुरू करते ती हे सगळं डोळ्यांनी बघितल्यावर. कबूल केलं, नाव घेतलं की जीव वाचतो, हा धडा तिला मोठ्यांनी शिकवला.

खऱ्या कागदपत्रांत तर तो जंगलातला नाचही नाही. मुलींवर करणी झालीय का हे पाहायला राय या धान्याच्या पिठाचा भाजलेला गोळा कुत्र्याला घालायचा तोडगा मेरी सिब्ली या गोऱ्या शेजारणीनं सुचवला होता. खापर फुटलं ते टिटुबाच्या डोक्यावर.

पटनमचा स्वार्थ मिलर लपवत नाही. तिसऱ्या अंकात जाइल्स कोरी भर कोर्टात सांगतो की हा शेजाऱ्यांना जमिनीसाठी मारतोय. जमीन जप्त झाली की ती विकत घ्यायला गावात पैसा फक्त याच्याकडे आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. डाकीण ठरवलेल्या बाईच्या प्रकरणात खोलात गेलं की जमिनीचा वाद निघतो, हे सातपुड्यात काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षं सांगत आलेत.

न्यायाधीश फसले, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. अबिगेल करणाऱ्या मुलीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "चौथ्या अंकात माझी एंट्री कधी?" नाहीच. अबिगेल पॅरिसच्या तिजोरीतले ३१ पौंड घेऊन पळून गेलेली असते, आणि हे नाटकातल्या न्यायाधीशाला, डॅनफर्थला, कळतं. आरोप करणारी चोर निघाली, फरार झाली. तरी सकाळच्या फाशा थांबत नाहीत. का? तो स्वतःच सांगतो: याच आरोपावर १२ जण आधीच लटकलेत, आता माफी दिली तर त्यांच्या अपराधाविषयी शंका येईल. याला फसणं म्हणत नाहीत. ९१ शेजारी तीन बायकांच्या चांगुलपणाची सही देतात, तर हा त्या ९१ जणांनाच चौकशीला पकडून आणायला सांगतो.

इतिहासही याच बाजूचा आहे. ७१ वर्षांच्या रिबेका नर्सला ज्युरीनं आधी निर्दोष ठरवलं होतं. मुख्य न्यायाधीश स्टॉटननं पुन्हा विचार करायला लावलं, निकाल फिरला आणि १९ जुलैला तिला फाशी झाली. एकूण १९ जणांना फाशी झाली. (जाळलं कुणालाच नाही, तीही एक फिरती चूक.) कोरी छातीवर रचलेल्या दगडांखाली गेला.

राहिला प्रॉक्टरचा हट्ट. तो जगण्यासाठी खोटं बोलायला तयार होतो, तोंडी कबुलीही देतो, हे सारांशवाले विसरतात. अडतं कुठे? डॅनफर्थ विचारतो, सैतानाबरोबर आणखी कुणाला पाहिलंस? रिबेका तिथेच उभी असते. तो म्हणतो, मी माझी पापं सांगेन, दुसऱ्यांचा न्याय मी करू शकत नाही. मग सही मागतात. तो सही करतो आणि कागद हिसकावून घेतो, कारण तो चर्चच्या दारावर ठोकला जाणार आहे, त्याच सकाळी त्याचे मित्र गप्प राहून मरत असताना. मित्रांना विकल्यावर मुलांना ताठ मानेनं चालायला कसं शिकवू, असं तो विचारतो. यात मला अहंकार कुठे दिसत नाही.

नाटक ब्रॉडवेवर आलं २२ जानेवारी १९५३ रोजी. पुढे नावं घ्यायची वेळ मिलरवरही आली. १९५६ साली त्याला अमेरिकी संसदेच्या समितीनं कम्युनिस्ट लेखकांच्या बैठकीत कोण कोण होतं ते विचारलं. स्वतःबद्दल तो बोलला, दुसऱ्यांची नावं दिली नाहीत. १९५७मध्ये त्याला संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं गेलं, आणि १९५८मध्ये अपिलात तो निकाल रद्द झाला.