पंख्याचा कपॅसिटर आणि यमनाची तालीम

जुन्या स्पीकरच्या ट्वीटरला, म्हणजे उंच पट्टीचे सूर वाजवणाऱ्या छोट्या कर्ण्याला, लागणारा 2.2 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा सुटा भाग) आणायला मी परवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो आणि चारचौघांत शोभा करून घेऊन परत आलो.

दुकानदाराने नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कपॅसिटरांची धुळकट पिशवी पुढे केली. हा माल कधीचा आहे, असे विचारताच तो म्हणाला, "काका, ही काय भाजी आहे शिळी व्हायला?" भाजीच आहे ती! त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये द्रावणात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. ती ओल आटली की आतला रोध वाढतो आणि झांजेची किणकिण सर्वांत आधी जाते. म्हणून मी सरळ पंख्याचा 2.5 चा कपॅसिटर मागितला. त्यात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची फिल्म असते, त्याला धन-ऋण नसते आणि तो 440 व्होल्टचा एसी सोसतो. 8 ओहमच्या ट्वीटरचा छेद, म्हणजे ज्या कंप्रतेच्या वरचेच सूर त्याच्याकडे जातात ती सीमा, या कपॅसिटरने सुमारे 9 किलोहर्ट्झवरून 8 वर येतो, इतकेच.

"पंख्याचा? स्पीकरला?"

शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी हा प्रश्न अशा आवाजात विचारला, की केबल मोजणारा पोऱ्यासुद्धा थांबला. खांद्याला शबनम, कपाळावर चष्मा. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला रुमाल काढला, तो काउंटरवर उलगडला आणि आतला अंगठ्याएवढा परदेशी कपॅसिटर न उचलता मला नुसता दाखवला.

"याला दोनशे तास तालीम द्यावी लागते," ते म्हणाले. "फक्त यमन. एकदा मुलाने रेडिओ लावला, तर याचा तीव्र मध्यम आठवडाभर बिघडला होता."

"पण यातही पॉलिप्रॉपिलीनच आहे ना?" मी विचारले.

"अहो, दगड मूर्तीतही असतो आणि पायरीतही!"

सगळे दुकान हसले. मग त्यांनी काउंटरवर पडलेली एक सिरॅमिकची चकती उचलली, तिच्यावर नखाने टिचकी मारली, ती कानाशी धरली आणि "ही मुकी" असा निवाडा दिला. वास्तविक ज्याच्यावर टिचकी मारली असता परिपथात खरोखर आवाज उमटतो, तो नेमका हाच स्वस्त प्रकार होय. त्यातले बेरियम टायटॅनेट धक्का बसला की वीज निर्माण करते, शिवाय व्होल्टता बदलली की त्याची धारकताही, म्हणजे भार साठवण्याची क्षमताही, बदलते आणि सुरात विकृती येते. बांधणीने आवाज बदलतो तो असा, मोजून दाखवता येईल असा. परंतु हे सांगायला मी तोंड उघडले, तेव्हा गृहस्थ तांब्याच्या वायरीत इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने रमतात, या विषयावर पोहोचले होते.

या दोघांच्या मध्ये माझ्यासारख्या गिऱ्हाइकाने जायचे कुठे? एकाला सगळे कपॅसिटर सारखे, दुसऱ्याला प्रत्येकात गंधर्व. साध्या फिल्मचा, आत काय आहे ते वेष्टनावर धड छापलेला कपॅसिटर मागणारा माणूस मात्र दोघांच्याही लेखी चक्रम.

शेवटी दुकानदाराने पंख्याचा कपॅसिटर दिला आणि छापील किमतीपेक्षा 20 रुपये जास्त मागितले.

"साउंडला लावणार ना तुम्ही?" तो म्हणाला.

मी मुकाट्याने पैसे दिले आणि गॅरंटी विचारली.

"आहे की. पंख्याला लावलात तर."